चाळिशीनंतरचे कर्नल नायडू

भारताचा पहिला कसोटी कर्णधार कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात हमखास असतो. सी. के. नायडू हे उत्तर पोरं पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. फार झालं तर १९२६ सालचे ११ षटकार कुणाला तरी ठाऊक असतात. मी आज बोलणार आहे ते या दोन्ही गोष्टींच्या नंतरच्या नायडूंविषयी. म्हणजे ज्या वयात खेळाडू बूट काढून ठेवतो, कमरेला हात लावून चालू लागतो आणि आमच्या वेळी असं नव्हतं म्हणायला लागतो, त्या वयापासून पुढे वीस वर्षं खेळत राहिलेल्या माणसाविषयी.

आधी हिशेब मांडू. नायडूंचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५चा. घराणं तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेलं. प्रथम श्रेणीचा पहिला सामना ते १९१६ साली खेळले आणि शेवटचा १९६३मध्ये. मधे ४७ वर्षं गेली. ते पहिल्यांदा मैदानात उतरले तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि खुद्द रणजितसिंहजी हयात होते. शेवटचा सामना खेळले तेव्हा भारताचा कर्णधार मन्सूर अली खान पतौडी होता आणि सुनील गावसकर १४ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. या काळात २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतकं आणि ४११ बळी. फक्त आकडे पाहिले तर आजच्या मानाने ते डोळे दिपवणारे नाहीत. त्या काळी सामनेच थोडे होत. पण ज्या माणसाला वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच सामने मिळतात, त्याने जवळजवळ अर्धशतकभर अंग तयार ठेवायचं, हे मला धावांपेक्षा मोठं वाटतं.

त्या १९६३च्या सामन्याबद्दल मात्र थोडं थांबलं पाहिजे. महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ, असा तो मदतीसाठी भरवलेला सामना होता. नायडूंचं वय ६८. तो प्रथम श्रेणीत मोजला गेला म्हणून ४७ वर्षांचा आकडा होतो. माझ्या मते तो सामना म्हणजे आदराने दिलेलं आमंत्रण होतं, खरी स्पर्धा नव्हे. खरी कारकीर्द १९१६ ते १९५७. तीसुद्धा ४१ वर्षं भरते, आणि त्यात कुणाची मेहरबानी नव्हती.

पहिला अर्धा भाग आता भरभर पाहू, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. त्या वेळी मुंबईत धर्मावर आधारलेले संघ खेळत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. नायडू हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. ७ बाद ७९ अशी अवस्था. पहिले तीन चेंडू त्यांनी निमूटपणे अडवले आणि चौथ्यावर षटकार मारला. पुढे १ डिसेंबर १९२६ला बॉम्बे जिमखान्यावर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध ११६ मिनिटांत १५३. त्यात ११ षटकार आणि १३ चौकार. म्हणजे ११८ धावा उभ्याउभ्या आणि फक्त ३५ धावा पळून! त्याच डावात नव्हे, पण त्याच सामन्यात एमसीसीच्या गाय अर्लनेही ८ षटकार मारले होते. नायडूंची खेळी म्हणजे त्याला दिलेला जबाबच. पाहुण्यांनी नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. इथल्या लोकांना क्रिकेट येतं अशी खात्री त्या दौऱ्यात गिलिगनची पटली, आणि डिसेंबर १९२८मध्ये भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झालं.

२५ जून १९३२. लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. दोघेही बाजूला राहिले आणि संघ नायडूंच्या हाती आला. निसार आणि अमरसिंग यांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी करून टाकली. नायडूंनी दुखावलेल्या हाताने ४० धावा काढल्या. पहिल्या डावातल्या त्याच सर्वाधिक. भारत १५८ धावांनी हरला, पण दौऱ्यात नायडूंनी १,६१८ धावा आणि ३२ षटकार केले. विस्डेनने १९३३च्या अंकात पाच सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्यांचं नाव घातलं.

आणि मग आला १९३६चा दौरा. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. त्यांच्या क्रिकेटपेक्षा त्यांचा खजिना मोठा होता, एवढं म्हणून सोडून देतो. संघात दोन तट पडले. लाला अमरनाथला मधूनच घरी पाठवलं. वडिलकीच्या नात्याने ज्यांच्याकडे साऱ्यांनी पाहावं त्या नायडूंना सगळ्यांदेखत अपमान सोसावा लागला. ऑगस्टमध्ये ओव्हलवर शेवटची कसोटी. गबी ॲलनचा उसळता चेंडू अंगावर बसला, पण नायडू हलले नाहीत. ८१ धावा काढल्या. वय ४० पूर्ण. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. सात कसोटी, ३५० धावा, कसोटीच्या पुस्तकात एवढीच नोंद.

इथे माणूस संपतो. संपायला हवा होता. ४० वर्षांचं वय, अपमान पदरात, पुढे महायुद्ध. १९३६नंतर भारताची पुढची कसोटी थेट १९४६ला झाली. नायडूंनी तेव्हा खेळ सोडला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं.

पण मग त्यांनी खाल्लं काय असतं, हाही प्रश्न आहेच. आपण खेळाडूंच्या आठवणी काढतो तेव्हा हा प्रश्न विचारत नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या दोन जाती होत्या. खेळाचे पैसे न घेणारे साहेब, आणि पगारावर खेळणारे व्यावसायिक. आपला अमरसिंग उन्हाळ्यात लँकेशायर लीगमध्ये कोल्न क्लबसाठी पगारावर खेळे. भारतात मात्र खेळाडूचा पगार संस्थानाच्या खात्यातून निघायचा. कुणी पतियाळाच्या पदरी, कुणी बडोद्याच्या, कुणी नवानगरच्या. नायडूंना १९२३ साली होळकरांनी इंदूरला बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत अधिकारी केलं. त्यांच्या नावाआधी लागणारं ‘कर्नल’ हे पद तिथलं. म्हणजे कागदावर लष्करी अधिकारी, प्रत्यक्षात क्रिकेटचा पगारी माणूस. १९४१ साली एका यकृताच्या औषधाच्या जाहिरातीत त्यांचं नाव आणि चित्र झळकलं. जाहिरात करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून ते सांगितले जातात. ४५ वर्षांचा माणूस आणि यकृताचं टॉनिक! आज आपल्याला हसू येईल, पण तब्येतीचं औषध विकायला त्यांच्याइतकी खणखणीत तब्येत दुसऱ्या कुणाची होती?

लांब कारकिर्दी जगात इतरही आहेत. इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स ५२व्या वर्षी कसोटी खेळला. कॅनडात अंडाकृती चेंडूचा जो फुटबॉल खेळतात, त्यात लुई पासालिया नावाचा किकर १९७६ ते २००० अशी तब्बल २५ वर्षं बीसी लायन्स या एकाच क्लबसाठी खेळला आणि त्याने ३,९९१ गुण कमावले. पण किकरचं काम नेमकं असतं. लाथ मारायची वेळ आली की यायचं, नेम साधायचा, पुन्हा बाजूला जायचं. त्यातही काळजाचं पाणी होतं, कारण शेवटच्या क्षणाला सगळा सामना त्याच्या एका पायावर येतो. नायडूंना मात्र फलंदाजी करायची होती, चेंडू टाकायचा होता, दिवसभर उन्हात उभं राहायचं होतं आणि वर दहा जणांना सांभाळायचं होतं. ५० व्या वर्षी. ५५ व्या वर्षी. ६० व्या वर्षी.

इंदूरला त्यांनी जो संघ उभा केला, तिथे माझं मन रमतं. मी कवितेच्या प्रांतातला माणूस. आमच्याकडे उस्ताद आणि शागीर्द असं नातं असतं. शागीर्दाने शेर लिहून आणायचा, उस्तादाने त्यातला एखादा शब्द बदलायचा. त्याला इस्लाह म्हणतात. उस्ताद स्वतः लिहायचा थांबला की त्याची इस्लाह हळूहळू कोरडी होते. चाळिशीनंतरचे नायडू मला अशा उस्तादासारखे दिसतात जो शेवटपर्यंत स्वतःही लिहीत होता.

त्यांचा सगळ्यात मोठा शागीर्द सय्यद मुश्ताक अली. इंदूरचाच, एका पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. नायडूंनी त्याला तेराचौदा वर्षांचा असताना हेरलं आणि हैदराबादच्या स्पर्धेला आपल्याबरोबर नेलं. तेव्हा तो डावखुरा फिरकी गोलंदाज होता. पुढे त्याच मुश्ताकने १९३६ला मँचेस्टरमध्ये विजय मर्चंटबरोबर २०३ धावांची सलामी दिली आणि परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय ठरला.

आता गंमत बघा. वर्षातले काही दिवस मुंबईत धर्माच्या संघांची स्पर्धा भरे. तिथे नायडू हिंदूंचे आणि मुश्ताक मुस्लिमांचा. गॅलऱ्या वाटलेल्या, घोषणा वाटलेल्या. १९४०च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी या स्पर्धेबद्दल उघड नापसंती दाखवली. १९४६ला ती बंद झाली, ते बरंच झालं. पण मुंबईचा तो आठवडा उरकला की उस्ताद आणि शागीर्द दोघेही इंदूरला परतत आणि एकाच संघात, एकाच मैदानात, एकमेकांच्या धावा पळत. मला कुणी विचारलं की त्या काळच्या हिंदुस्थानचं खरं चित्र कोणतं, तर मी दोन्ही चित्रं खरी आहेत असं म्हणेन. फक्त एक वर्षातून आठवडाभराचं होतं आणि दुसरं उरलेल्या दिवसांचं. फाळणीनंतर मुश्ताक अली इंदुरातच राहिले आणि २००५ साली तिथल्याच मातीत विसावले.

होळकर संघात मराठी नावांची तर रांगच होती. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, जगदाळे, भांडारकर. पुढे नाबाद ४४३ धावा करून जगाला चकित करणारे निंबाळकर ते हेच. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ मोसमांत होळकर संघ रणजी करंडकाच्या १० अंतिम सामन्यांत पोचला आणि चार वेळा जिंकला. मुंबईसारख्या शहराने असं केलं तर समजू शकतं. तिथे क्लब आहेत, कचेऱ्या आहेत, गल्लोगल्ली मैदानं आहेत. इंदूर तेव्हा केवढंसं! पण दर वर्षी मुंबईला, बडोद्याला घाम फुटायचा.

त्यातला पहिला अंतिम सामना, मार्च १९४५चा मुंबईत झालेला, कुणी लहान मुलांना गोष्ट म्हणून सांगावा असा आहे. मुंबईच्या ४६२ आणि ७६४ धावा. विजय मर्चंटच्या २७८. होळकरांच्या ३६० आणि दुसऱ्या डावात, ८६७ धावांचा डोंगर समोर असताना, ४९२. युद्धामुळे हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ करून एका बाजूला उभा राहिला. दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा. या सामन्यात होळकरांच्या एका गोलंदाजाने दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. १५२ षटकं आणि ५ चेंडू. ५७५ धावा देऊन ११ बळी. तो गोलंदाज म्हणजे सी. एस. नायडू, कर्णधाराचा सख्खा धाकटा भाऊ. दुसऱ्या कुणाला एवढं राबवलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. थोरल्याने धाकट्याला राबवलं आणि स्वतः ४९व्या वर्षी सहा दिवस मैदानात उभा राहिला. यात माया किती आणि कठोरपणा किती, ते त्या दोघा भावांनाच ठाऊक.

नायडू कठोर होते यात शंका नाही. शिस्तीचे कडक, शब्दांचे कंजूष. १९३२च्या संघातही त्यांच्या वागण्याबद्दल कुरबुरी होत्याच. लाडक्या म्हाताऱ्याची गोड मूर्ती करून त्यांना देव्हाऱ्यात बसवायचा मोह होतो, पण तसे ते नव्हते. मात्र दुसऱ्याला जे सोसायला लावलं ते त्यांनी स्वतः आधी सोसलं. १९५१-५२चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना. कर्नल ५६ वर्षांचे. दत्तू फडकरचा चेंडू उसळला आणि थेट तोंडावर बसला. दोन दात पडले. नायडूंनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले, मदत नाकारली आणि पुन्हा पवित्रा घेतला. हा प्रसंग क्रिकेटवाले आजही सांगतात. मला त्यात शौर्याइतकीच एक गोष्ट दिसते. समोर उभा असलेला संघातला प्रत्येक तरुण ते पाहत होता, आणि हे नायडूंना पक्कं माहीत होतं.

त्याआधी १९४५-४६चा मोसम तर अद्‌भुतच. म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली. त्यात एक शतक पन्नाशी गाठलेल्या कर्णधाराचं. मग बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वोच्च खेळी. ११ षटकारवाली नव्हे, ही! आपण त्यांना १९२६च्या दोन तासांसाठी लक्षात ठेवतो आणि त्यांनी स्वतःचा सर्वात मोठा डाव ५०व्या वर्षी बांधला, हे विसरतो. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात मुश्ताक अली होते, सी. एस. होते, सरवटे होते. याच सरवट्यांनी सरेविरुद्ध शेवटच्या जोडीसाठी शुटे बॅनर्जींबरोबर २४९ धावा जोडल्या आणि दोघांनीही शतकं केली. नायडू त्या संघात नव्हते. वय पाहता ते योग्यच म्हणावं लागेल. पण होळकरांची पोरं मात्र गेली.

आमच्या उंद्रीत, चिखली तालुक्यातल्या या गावात, माझ्या लहानपणी कपाशी निघाली की मोकळ्या वावरात आम्ही पोरं क्रिकेट खेळायचो. उन्हाने तडकलेली काळी माती, चेंडू कुठल्या भेगेवर पडून कुठे वळेल याचा नेम नाही. गावात एक शिंपीकाम करणारे चाचा होते. साठी उलटलेले. संध्याकाळी मशीन बंद करून यायचे आणि म्हणायचे, ‘‘दोन बॉल टाका रे बाप्पा मले.’’ दोनाचे वीस व्हायचे. पोरं कंटाळली की दुसरे एक म्हातारबुवा बांधावरून ओरडायचे, ‘‘खेळू द्या तेले, थो आपल्या गावचा नायडू हाये!’’ हे नाव त्यांनी कुठून ऐकलं होतं, मला माहीत नाही. आपला बुलडाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडायचा आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. नागपूरच्या पोराची कीर्ती कुणाच्या तरी तोंडून, कुणाच्या तरी वर्तमानपत्रातून वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत झिरपली असणार. मला क्रिकेटमधलं पहिलं नाव कळलं ते असं, गावसकरच्याही आधी. आणि म्हातारा होऊनही बॅट न सोडणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ कळला.

संस्थानं विलीन झाली तसा पगाराचा आणि मानाचा तो जुना आधार सुटत गेला. होळकर हे नाव रणजीत १९५४-५५पर्यंत टिकलं. नायडू मधे आंध्रकडून खेळले आणि मग उत्तर प्रदेशचं नेतृत्व केलं. १९५६-५७च्या मोसमात, वयाच्या ६१व्या वर्षी, त्यांनी राजस्थानविरुद्ध ८४ धावा केल्या. ही कुणी मान म्हणून घातलेली माळ नव्हती. रणजी करंडकाचा सामना होता, समोर तरणेताठे गोलंदाज होते आणि धावा पळून काढायच्या होत्या. याच सुमाराला, १९५६मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळालं. १४ नोव्हेंबर १९६७ला इंदुरात त्यांचा मृत्यू झाला.

आकाशवाणीवर बोलतोय म्हणून एक आठवण सांगायलाच हवी. त्यांची मुलगी चंद्रा नायडू इंदुरात इंग्रजीची प्राध्यापक होती. १९७७ साली एमसीसीचा संघ इंदूरला आला तेव्हा तिने सामन्याचं धावतं समालोचन केलं. भारतातल्या अगदी पहिल्या स्त्री समालोचकांपैकी ती एक. तिने वडिलांवर पुस्तकही लिहिलं. २०२१मध्ये ती गेली. बापाची खेळी पाहायला मुंबईतली माणसं झाडांवर चढायची; मुलीने क्रिकेट घराघरांतल्या रेडिओवर नेलं.

नागपूरहून इंदूरला गेलेल्या या माणसाची उलटी वाटही एकदा दिसली. विदर्भाचा संघ वर्षानुवर्षं रणजीत मार खायचा. २०१७-१८ला तो पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला आणि सामना नेमका इंदूरला होळकर स्टेडियमवर लागला. नायडू खेळायचे ते मैदान हे नव्हे, ते यशवंत क्लबचं. नाव तेवढं होळकरांचं. कर्णधार नागपूरचा फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि संघात मुंबईहून आलेला, चाळिशीला टेकलेला वसीम जाफर. रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. १ जानेवारी २०१८ला दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून विदर्भाने करंडक उचलला. विजयी चौकार जाफरने मारला. लोकांना वाटलं, आता हा सन्मानाने घरी जाणार. पुढच्या मोसमात त्याने हजारावर धावा केल्या, विदर्भाने करंडक पुन्हा जिंकला, आणि जाफर आणखी एक मोसम खेळला.